दोन आया आणि एक घसा

आमच्या घरात दोन आया आहेत. एक 'अगं आई' आणि एक 'अहो आई'. 'अगं' म्हणजे जिनं मला जन्म दिला ती, आणि 'अहो' म्हणजे ज्यांनी माझ्या नवऱ्याला दिला त्या. दोघी विधवा, दोघींचे गुडघे गेलेले, दोघींचे कान मात्र देवाच्या कृपेनं शाबूत. नवरा वीज खात्यात, बदली होऊन खंडव्याला गेलेला. शनिवारी येतो आणि रविवारी घरातलं हवामान बघून बस पकडतो. बाकीचे दिवस भोपाळच्या तुलसी नगरमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तिघी. लोक म्हणतात, काय भाग्यवान आहेस गं, दोन-दोन आयांची सावली डोक्यावर! आहे बाई, आहे. सावलीत बसूनही माणूस कसं दमतं ते मला विचारा.

अहो आई मूळच्या पुण्याच्या. सासऱ्यांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्न झाल्या झाल्या भोपाळला आल्या. सगळा जन्म इथे काढला, तरी घरात चोख पुणेरी मराठी, आणि बाहेर हिंदी बोलल्या तर ती प्रत्येक शब्द निवडून, तांदळातले खडे काढल्यासारखी. अगं आई उज्जैनची. वडील गेल्यावर बरीच वर्षं इथल्याच अशोका गार्डन वस्तीत एकटी राहिली, रेल्वे लाइनीच्या अगदी कडेला. तिथं बोलायच्या दोनच रीती असतात. गाडी जाईपर्यंत गप्प बसायचं, नाहीतर गाडीपेक्षा मोठ्यानं बोलायचं. माझ्या आईला गप्प बसणं कधी जमलेलं नाही. गुडघ्यांमुळे तिला एकटीनं राहणं जमेना तेव्हा अहो आईच म्हणाल्या होत्या, "आण गं त्यांना इकडे. मलाही सोबत होईल." हे वाक्य त्यांचं होतं, माझं नव्हे. इथे नमूद करून ठेवते.

पहिले काही महिने दृष्ट लागावी असे गेले. दोघी मिळून मटार सोलायच्या, दोघी मिळून शेजाऱ्यांच्या सुनांना नावं ठेवायच्या. "विहीणबाई, तुम्ही बसा, चहा मी टाकते." "छे हो, तुम्हीच बसा, मी टाकते." असं होता होता दोघीही बसायच्या आणि चहा मी टाकायची.

मग विरजणाचं प्रकरण झालं.

अहो आईंचं विरजण त्यांच्या सासूबाईंच्या हातचं. लग्नानंतर भोपाळला येताना पूर्ण प्रवासभर वाटी मांडीवर धरून आणलेलं. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी काढून ठेवायचं, असं करत करत ते त्यांनी इतकी वर्षं जिवंत ठेवलं होतं. भोपाळच्या उन्हाळ्यातसुद्धा ते कधी आंबलं नाही, की थंडीत रुसलं नाही. शेजारणींनी चमचाभर मागितलं तरी अहो आई गोड हसून विषय बदलायच्या. दिलं मात्र कुणालाही नाही.

एका सकाळी मी शाळेत शिकवायला गेल्यावर आईनं फ्रिज आवरायला काढला. आईच्या आवरण्याला कुणीही घाबरावं असंच ते असतं. मागच्या कोपऱ्यात एका झाकलेल्या वाटीत तिला चमचाभर दही सापडलं. कुणीतरी उरलेलं ठेवलंय असं समजून तिनं ते कढीत ढकललं. दुपारी जेवताना अहो आईंनी कढी दोनदा घेतली. "काय झक्कास झालीय हो आज, आंबटपणा अगदी बेताचा!" असंही म्हणाल्या. संध्याकाळी दूध कोमट करून विरजायला गेल्या आणि वाटी दिसेना.

मी घरी आले तेव्हा दोघी दोन खोल्यांत होत्या. आई म्हणाली, "बेटा, मी काय गलत केलं? दही तर दही. बिट्टन मार्केटला ढीगभर मिळतं. फालतूची चिकचिक." तिकडे अहो आई पलंगावर बसून भिंतीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "सांग त्यांना, मला आता त्यांच्याशी काही बोलायचं नाही." मी गेले आणि सांगितलं. तिथंच चुकलं सगळं. पहिला निरोप पोचवला की माणूस कायमचा पोस्टमन होतो.

अबोला म्हणजे गप्प बसणं असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे येऊन आठ दिवस राहावं. अबोल्याइतकं बोलणं दुसऱ्या कशातच होत नाही. दोघी एका खोलीत, हाताच्या अंतरावर, एकच सीरियल बघत बसायच्या. आई म्हणायची, "विचार त्यांना, चहा घेणार का." मी विचारायची, "अहो आई, चहा घेणार का?" त्या म्हणायच्या, "म्हणावं, घेईन, पण साखर पाक केल्यासारखी नको." मी वळून म्हणायची, "अगं आई, घेतील. साखर जरा कमी घाल." दोघींनी सगळं ऐकलेलं असायचं. दोघींना ठाऊक असायचं की दुसरीनं ऐकलंय. पण घराचा नियम असा पडला होता की मी न पोचवलेलं ते बोललंच गेलं नाही असं धरायचं.

त्यामुळे चाळणी माझ्या हातात आली. अहो आई म्हणायच्या, "सांग त्यांना, भेंडी आधी धुवायची असते आणि मग चिरायची असते. चिरून धुतली की घराण्याचं नाव चिकट होतं." मी सांगायची, "भेंडी छान झालीय म्हणतायत." आई म्हणायची, "बोल, इतकं कळतं तर गॅसपाशी उभं राहावं कधी." मी सांगायची, "आईला बरं वाटलं." दोघीही गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायच्या. शाळेत सहा तास खडूच्या धुरळ्यात मुलांना इतिहास-भूगोल ओरडून शिकवायचा, आणि घरी आलं की प्रत्येक वाक्य एकदा पुण्याकडून उज्जैनला आणि एकदा उज्जैनहून पुण्याला न्यायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधला रहाट. रात्री उशीला डोकं टेकताना मला माझ्याच आवाजाचा कंटाळा यायचा.

आणि एक दिवस वर्गात तो आवाजच गेला. नद्यांचा धडा चालू होता. नर्मदेपर्यंत ठीक होतं. तापीपाशी आवाज फाटला आणि पुढे नुसती हवा. मुलं आधी हसली आणि मग हसायची थांबली. मुलं हसायची थांबतात तेव्हा शिक्षकानं घाबरावं.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. "मैडम, तीन हफ्ते एक शब्द नहीं. फुसफुसाना भी नहीं, उससे और बिगड़ता है." मी हातवारे करून विचारलं, नाही ऐकलं तर? ते म्हणाले, "फिर ऑपरेशन. और उसके बाद यही आवाज़ वापस आएगी, इसकी गारंटी मैं नहीं दूँगा."

रिक्षात बसून मी रडले, तेसुद्धा आवाज न करता. शिक्षिकेचा आवाज गेला तर राहतं काय? शाळेनं सुट्टी दिली होती, पण मुख्याध्यापिकाबाईंनी हसत हसत विचारलंच होतं की पुढच्या सत्रात वर्ग घेता येतील ना, की दुसरी सोय बघू. नोकरीची भीती होतीच. त्याहून मोठी भीती अशी की उरलेला जन्म मला फाटक्या भोंग्यासारखं बोलावं लागेल, आणि तेही दुसऱ्यांचे निरोप.

मी मोबाइलवर लिहून दोघींना दाखवलं. दोघींनी वेगवेगळा चष्मा लावून वेगवेगळ्या वेळी वाचलं. दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. आईनं लगेच हळद-दूध केलं, अहो आईंनी ज्येष्ठमध शोधून काढला, आणि मग आई माझ्या कानाशी येऊन गाडी चालली असल्यासारखी ओरडली, "बेटा! भूक लागली का?" आवाज माझा गेला होता, कान नव्हते गेले. पण मुक्या माणसाशी सगळेच ओरडून बोलतात. भाजीवालाही माझ्याशी ओरडून बोलला.

शेजारचे काका दारातून म्हणाले, "मौनं सर्वार्थसाधनम्! चांगलं आहे, घरात शांतता." उचलली जीभ लावली टाळ्याला. काकांना आमचं घर माहीत नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी अहो आई सवयीनं म्हणाल्या, "सांग त्यांना, दार लावून घ्या, डास येतायत." मी दोन्ही हात जोडले. त्या गडबडल्या. दार उघडं राहिलं आणि डास आले. दुसऱ्या दिवशी आईनं भांडीवाल्या बाईला मध्ये घातलं. ती बिचारी नळाखाली कढई घासत होती. आई म्हणाली, "उनको बोलो, नहा लें, पानी जाने वाला है." बाईनं दोघींकडे पाहिलं. अहो आई तिच्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. "अम्माजी, मेरे पास तीन घर और हैं," ती म्हणाली, "आप ही बोल लो." आणि तिनं नळ मोठा केला.

मग नवऱ्याचा नंबर लागला. दोघींनी त्याला फोनच्या स्पीकरवर मध्ये बसवलं. "तुझ्या सासूबाईंना सांग, मीठ वरच्या डब्यात आहे." "जमाईबाबू, त्यांना बोला, मला माहीत आहे." दोन-तीन वाक्यं त्यानं इमानदारीनं वाहिली. मग खंडव्याचं नेटवर्क गेलं. माझ्या नवऱ्याचं नेटवर्क नेमकं केव्हा जातं यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा. मी पलंगावर पडून छताकडे बघत होते आणि हसणंही मना असल्यामुळे पोट दुखत होतं.

शेवटी देव सापडला. अहो आई देव्हाऱ्यासमोर बसून बाळकृष्णाला म्हणाल्या, "कृष्णा, कुणीतरी गॅसवर दूध ठेवून विसरलंय रे." स्वयंपाकघरातून आई कुकरला म्हणाली, "ज्याला दिसतंय त्यानं उठून बंद करावं ना." "कृष्णा, माझे गुडघे तुला माहीत आहेत." "कुकर, गुडघे काय एकट्याचेच असतात?" दूध उतू गेलं. जळक्या दुधाचा वास क्वार्टरभर पसरला आणि बाळकृष्ण आणि कुकर दोघंही गप्प राहिले. खरं सांगते, मला रडू येत होतं. वाटत होतं, तोंड उघडावं, एकदाच जोरात ओरडावं, आणि जाऊ दे तो आवाज कायमचा. कंटाळा आला होता मला. दोघींचा, घराचा आणि या गप्प बसण्याचाही.

मग ती दुपार आली. मी बाहेरच्या खोलीत वह्या चाळत बसले होते. स्वयंपाकघरातून स्टूल ओढल्याचा आवाज आला म्हणून डोकावले. आई स्टूलवर चढली होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेली बाई माळ्यावरची पितळी परात काढायला चढलेली, आणि स्टूल तर असं की एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घालून ठेवलेलं. पुठ्ठा निसटलेला होता. परात आईच्या दोन्ही हातांत, डोक्याच्या वर. स्टूल डुलायला लागलं.

मी तोंड उघडलं. "अगं आ—" एवढा श्वास घशाशी आला होता.

"तोंड मीट!"

अहो आई माझ्या मागून ओरडल्या. त्यांच्या अंगात तो आवाज आहे हे मला लग्न झाल्यापासून कधी कळलं नव्हतं. "एक अक्षर काढलंस तर याद राख!" त्यांनी मला बाजूला ढकललं, भराभर पुढे जाऊन स्टूल दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि वर बघून कडाडल्या, "अहो विहीणबाई, उतरा खाली! तुमच्यापायी पोरीचा घसा कायमचा जायचा! अक्कल आहे की नाही?"

आई परातीसकट उतरली. उतरताना तिनं अहो आईंच्या खांद्यावर हात ठेवला, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. जमिनीवर पाय टेकले, परात ओट्यावर आदळली आणि मग ती वळली.

"माझ्यापायी? माझ्यापायी घसा गेला तिचा? आणि तुम्ही काय करत होता इतके दिवस? 'सांग त्यांना, सांग त्यांना'! सकाळपासून रात्रीपर्यंत! पोरगी शाळेतून यायची तर पाणी पिऊ देत नव्हता!"

"मी सून आणली होती, भोंगा नव्हता आणला!"

"तर मग वाजवला कशाला?"

"तुम्ही नाही वाजवलात? चहाला, साखरेला, रिमोटला? आणि माझं विरजण कुणी घातलं कढीत?"

"घातलं! आणि तुम्ही खाल्लं! दोनदा घेऊन खाल्लं!"

एवढा मोठा मुद्दा अहो आईंना कुणी कधी सांगितला नव्हता. माझ्याकडे तो आईनं कितीतरी वेळा पाठवला होता, मीच चाळणीत अडवला होता.

मग जे भांडण झालं, ते मी दाराच्या चौकटीला टेकून उभं राहून पाहिलं. भांड्याला भांडं लागतं म्हणतात, इथं सगळी मांडणीच खाली आली. लग्नात कुणी कुणाला पाटावर बसायला उशिरा बोलावलं तिथपासून परवाच्या जळलेल्या दुधापर्यंत. पुणं काढून झालं, उज्जैन काढून झालं. "तुमच्या त्या हिंदी मराठीनं कान किटले माझे." "तुमच्या त्या पुण्याला कुणी येऊ देतं का आता तुम्हाला?" हे फार लागलं. पुण्यात अहो आईंचं आता कुणीच उरलेलं नाही, हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. अहो आई ओट्यावरची परात उगाच पदरानं पुसायला लागल्या. आईच्या ते लक्षात आलं. नेहमीच्या आवाजाच्या अर्ध्या आवाजात ती म्हणाली, "जाऊ दे. माझं तरी उज्जैनला कोण बसलंय."

ओट्यापाशी दोघी उभ्या होत्या, दोघींना धाप लागलेली. मी खुर्च्या पुढे सरकवल्या. दोघी बसल्या. "हिचा चेहरा बघा," अहो आई आईला म्हणाल्या. थेट, मला मध्ये न घेता. "हाडं दिसायला लागली गळ्याची." आई म्हणाली, "खाते कुठं ती. दोन घास गिळते आणि उठते. मी बघते ना." आणि मग दोघी माझ्याविषयी बोलत राहिल्या, मी समोर असून नसल्यासारखं. माझी झोप, माझी पाठ, माझे पिकलेले केस, मी हसते कमी. त्यांना सगळं दिसत होतं. इतके दिवस दिसत होतं. मला वाटलं होतं, कुणाला पत्ताही नाही. मला राग यावा की रडू यावं ते कळेना. दोन्ही आलं.

त्यानंतर दोघी गोड झाल्या असं मुळीच नाही. रोज भांडतात. भेंडीवरून भांडतात, पंख्यावरून भांडतात, शनिवारी माझा नवरा आला की एकीच्या जावयासमोर आणि दुसरीच्या मुलासमोर जोडीनं भांडतात. पण थेट भांडतात. पहिल्या दिवशी मी घाबरून उठले होते, तिसऱ्या दिवशी त्यांच्या भांडणात मला डुलकी लागली.

तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायचं होतं. मी एकटी जाणार होते, तर दोघी लुगडी बदलून दाराशी उभ्या. एका रिक्षात तिघी. कुणी कडेला बसायचं यावर वाद, बाहेरची हवा कुणाला बाधते यावर वाद. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी खांदे उडवले.

डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. मला मळमळत होतं आणि डोळ्यांना पाणी येत होतं. अहो आईंचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत असाव्यात. आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. नळी बाहेर निघाली. "गाँठें काफ़ी बैठ गई हैं," डॉक्टर म्हणाले. "कुछ बोलिए, मैडम. धीरे से. कुछ भी."

दोघी खुर्चीतून पुढे झुकल्या.

मी तोंड उघडलं आणि मला सुचेचना. 'त्या विचारतायत', 'ती म्हणतेय', 'चहा घेणार का', 'साखर कमी'. जिभेवर येत होतं ते सगळं कुणाचं ना कुणाचं होतं. माझं म्हणून एक वाक्य शोधायला मला वेळ लागला. डॉक्टर थांबले होते. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

"दमले मी," मी म्हणाले.

आवाज जाडसर होता, कडेला थोडा फाटलेला, पण होता. माझाच होता. आईनं तोंडावर पदर घेतला.

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग त्या दोघींकडे पाहिलं. "क्या कहा इन्होंने?"

अहो आईंनी घसा साफ केला. एकेक शब्द निवडून, नीट लावून, त्या म्हणाल्या, "वह कहती है, थक गई है. बहुत साल से."

'बहुत साल से' मी म्हटलेलं नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं. आई पदराआडून हो म्हणाली.